अकरा हाका : एका वाचकाच्या अपेक्षाभंगाचं प्रकरण

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या रविवारी आमच्या वाचनगटातल्या मिस्त्रीनं एका महाकादंबरीचा तिसरा भाग माझ्या टेबलावर ठेवला. "बाई, ह्ये तुमच्याकडंच राहू दे. मला घरात नको," एवढं म्हणाला आणि चहाही न घेता जिना उतरून गेला. त्यानंतर जवळजवळ पाच महिने त्यानं एक पुस्तक हातात धरलं नाही.

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या माझ्या घरी हा गट नऊ वर्षं जमतो. पुस्तक आवडलं नाही म्हणून अर्ध्यात सोडणारे मी भरपूर पाहिलेत, मीही सोडते. पण एका पुस्तकानं दुखावून वाचणंच सोडलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. त्यातून आम्ही त्याच्या दुखण्याचं निदान एकदा नव्हे, तीनदा चुकलो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहून ठेवते आहे. लिहायला त्याची परवानगी आहे, नाव द्यायला नाही. गटात सगळे त्याला मिस्त्रीच म्हणतात, इथेही तेच चालेल. कादंबरीचं नावही देत नाही. लेखक हयात आहे, पहिले दोन भाग खरोखर मोठ्या ताकदीचे आहेत, आणि एका तक्रारीवरून कुणी ते वाचायचे टाळावेत असं मला मुळीच वाटत नाही.

वाचक

मिस्त्री माझा विद्यार्थी. दहावीनंतर आयटीआय, मग शिवाजी उद्यमनगरात एका पॅटर्न शॉपमध्ये उमेदवारी, आता दोन कामगारांसह स्वतःची छोटी शॉप. कोल्हापूरच्या फौंड्र्यांशी ज्यांचा संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगते. ओतकामात वाळूच्या साच्यात पातळ धातू ओततात. त्या वाळूत आकार उमटवायला आधी लाकडाची प्रतिकृती लागते, ती म्हणजे पॅटर्न. ही प्रतिकृती जॉबच्या, म्हणजे ओतून हव्या असलेल्या वस्तूच्या, मापाची नसते, किंचित मोठी असते, कारण ओतलेलं लोखंड गार होताना आकसतं. या आकसण्याला श्रिंकेज म्हणतात. ग्रे आयर्नला, म्हणजे नेहमीच्या ओतीव लोखंडाला, ते साधारण एक टक्का धरतात. म्हणजे ३०० मिलिमीटरच्या जॉबला पॅटर्न ३०३ चा. त्यासाठी या लोकांकडे वेगळी पट्टी असते, तिच्यावरचा सेंटिमीटरच आपल्या सेंटिमीटरपेक्षा थोडा लांब असतो. त्यानं ती मला पहिल्यांदा दाखवली तेव्हा मी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसले होते. हे आधीच सांगून ठेवते, पुढे लागणार आहे.

घरात श्रावणात वडील पोथी लावायचे आणि हा शेजारी बसून पानं उलटायचा. नववीत असताना मी त्याला 'मृत्युंजय' दिली. ही कादंबरी १९६७ ची, तिचा लेखक मूळचा आजऱ्याचा आणि याच गावात राजाराम हायस्कूलमध्ये शिक्षक होता, हे ऐकून त्याचे डोळे विस्फारले होते. पुस्तक लिहिणारी माणसं आपल्यासारख्याच रस्त्यानं चालतात हे त्याला तोवर ठाऊक नव्हतं. पुढे करवीर नगर वाचन मंदिराचा सभासद झाला. १८५० पासून चालू असलेल्या त्या वाचनालयात आपलं कार्ड आहे याचा त्याला अजूनही अभिमान आहे.

त्याची वाचायची पद्धत कामासारखीच. शॉप बंद करून, जेवण उरकून, साडेनऊ ते साडेअकरा. जुन्या ड्रॉइंगच्या रद्दीच्या पट्ट्या कापून ठेवलेल्या असतात, अडेल तिथे किंवा आवडेल तिथे पट्टी घालायची आणि तिच्यावर पेन्सिलीनं दोन शब्द लिहायचे. या पट्ट्या नसत्या तर हे प्रकरण आम्हाला उलगडलंच नसतं.

कादंबरी

कथा एका नदीकाठच्या कल्पित राज्यातली. नायिका नावाड्याची मुलगी. तिला हाक मारता येते. नाव घेऊन हाक मारली की नदी, वारा, आग, गेलेलं माणूससुद्धा परत फिरतं. पण पहिल्याच भागात घाटावरची एक म्हातारी तिला बजावते की दर हाकेला तुझ्या आठवणीतलं काहीतरी कायमचं जाईल, आणि काय जाईल ते तुला निवडता येणार नाही.

पहिल्या भागाच्या शेवटी गावाला पूर येतो आणि ती नदीला हाक मारते. पाणी मागे सरतं. आई धावत येते, बोलते, मुलीला शब्द कळतात, पण हा आवाज कुणाचा हे कळत नाही. मिस्त्रीनं हे प्रकरण गटात मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. २०१९ च्या महापुरात त्याच्या शॉपमध्ये छातीएवढं पाणी होतं. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी, त्या वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. तो म्हणाला, "ह्या माणसानं पाणी बघितलंय. पाणी समोरनं येत न्हाई बाई, गटारातनं वर येतंय. त्यानं तसंच लिवलंय."

दुसऱ्या भागात ती स्वतःच्या गावात येते आणि आपलीच गल्ली तिला ओळखू येत नाही. दारात उभी राहून ती आपल्या सख्ख्या भावाला पत्ता विचारते. मला हे पान आजही अंगावर येतं. महाकादंबऱ्यांत लढाया पुष्कळ असतात, पण विजयाची किंमत इतक्या साध्या प्रसंगातून पोचवणारं मराठीत मी फार कमी वाचलंय.

मग चार वर्षं वाट. तिसरा भाग मे महिन्यात आला, मिस्त्रीनं तो आधीच पैसे भरून मागवला होता, आणि जूनच्या पहिल्या रविवारी तो माझ्या टेबलावर होता.

आमच्या चुका

गटातल्या काकांचं मत ताबडतोब तयार होतं. काका बँकेतून निवृत्त झालेले, चरित्रं वाचणारे. ते म्हणाले, ही राक्षस-जादूची गोष्ट आपल्या मातीतली नव्हेच, बाहेरून आलेलं फॅड, कधी ना कधी विटणारच होतं. मला हे पटलं नाही आणि आजही पटत नाही. मराठी कादंबरीनं पहिली पावलं टाकली ती बरीचशी अद्भुतरम्यातच. 'मुक्तामाला' १८६१ ची, 'मंजुघोषा' १८६८ ची. मागून वास्तववाद आला आणि तो आला हे चांगलंच झालं, पण अद्भुताची चव आपल्याला परकी आहे म्हणणं म्हणजे आजीच्या कहाण्या विसरणं.

दुसरं निदान माझं. मला वाटलं, वाट पाहून पाहून अपेक्षा फुगली असणार. अशा लांबणाऱ्या मालिकांचं हे जगभरचं दुखणं आहे. जॉर्ज मार्टिनच्या प्रसिद्ध मालिकेचा पहिला भाग १९९६ चा, पाचवा २०११ चा, आणि सहाव्याची वाट वाचक अजून बघताहेत. रॉबर्ट जॉर्डनची मालिका १९९० ला सुरू झाली, २००७ मध्ये तो वारला, शेवटचे तीन भाग त्याच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसननं लिहिले आणि २०१३ मध्ये चौदाव्या भागावर ती संपली. इतकी वर्षं मनात वाढलेलं पुस्तक हातातल्या पुस्तकापेक्षा मोठंच असायचं. मी मिस्त्रीला हे फोनवर समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी वाट बघून दमलो न्हवतो बाई. वाट बघताना लई बरं वाटायचं."

मग आम्ही तिसरी आणि सगळ्यात वाईट चूक केली. घरात काही बिनसलंय का, धंद्यात काही अडचण आहे का, अशी कुजबुज सुरू झाली. गटातल्या एका वहिनींनी त्याच्या बायकोला सहज म्हणून विचारलंसुद्धा. ते त्याच्या कानावर गेलं. तो मला भेटायला आला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी तोडून बोलला: "मला काय झालेलं न्हाई. पुस्तकाला झालंय."

मला फार लाज वाटली. वाचक पुस्तकावर नाराज आहे म्हटल्यावर आपण लगेच वाचकाच्या आयुष्यात कारण शोधायला जातो. गिऱ्हाईक कापड उसवलं म्हणून आलं तर दुकानदार त्याला घरी भांडण झालंय का असं विचारत नाही. एका कसबी माणसानं एका कसबाच्या वस्तूत खोट आहे असं सांगितलं होतं. ती खोट कुठे आहे हे बघणं एवढंच आमचं काम होतं, आणि तेच आम्ही दोन महिने केलं नव्हतं.

पट्ट्या

ऑगस्टच्या पावसात मी त्याच्याकडून पहिले दोन भागही मागून घेतले आणि तिन्ही भाग पट्ट्यांसकट वाचायला बसले.

पहिल्यांदा मला वाटलं, सापडलं. पहिल्या भागात एका लोहारानं नायिकेच्या भावासाठी तलवार केल्याचं वर्णन आहे. लोखंड वितळवून साच्यात ओततात, गार झाल्यावर धार लावतात. पट्टीवर मिस्त्रीनं लिहिलं होतं: 'ओतीव लोखंडाची तलवार पहिल्या घावाला दोन तुकडे.' बरोबरच आहे. ओतीव लोखंडात कार्बन दोन टक्क्यांच्या वर असतो, ते कडक पण ठिसूळ. तलवार घडवावी लागते, तापवून आणि ठोकून. ओतलेल्या तलवारी होत्या त्या काशाच्या, फार जुन्या काळच्या. म्हणजे तपशिलांच्या चुकांनी हा वैतागला म्हणावं, तर त्याच पट्टीवर खाली आणखी एक शब्द होता: 'चालतंय.'

अशा 'चालतंय'वाल्या पट्ट्या पहिल्या दोन भागांत सात निघाल्या. घोडे दिवसभर दौडतात आणि वैरणीचा उल्लेख नाही, चालतंय. अमावस्येला चांदणं पडलंय, चालतंय. हा माणूस चुका मोजत बसणारा नव्हताच. उलट जिथे लेखकाला नेमकं गवसलं होतं तिथे पट्टीवर भरभरून होतं. पावसाळ्यात सैन्य घाट ओलांडतं त्या प्रकरणात त्यानं लिहिलं होतं: 'म्हसाई पठार. चिखलात पाय असाच रुततो.' मिस्त्री दर वर्षी जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालत जातो. १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून ज्या वाटेनं विशाळगडाकडे निघाले तीच ही वाट. महाराज आणि मावळे एका रात्रीत आणि पुढच्या दिवसात जे अंतर तुडवून गेले, त्याला आजच्या मोहिमांना दोन दिवस लागतात. पांढरेपाणी येईपर्यंत पायाला फोड आलेले असतात. हे चालणं अंगात असलेल्या वाचकाला खोटा घाट चालत नाही, आणि त्या लेखकाचा घाट खरा होता.

तिसऱ्या भागात पहिल्या चारशे पानांत पट्ट्याच कमी. मग शेवटच्या युद्धाचं प्रकरण. तिथे पानागणिक पट्टी, प्रत्येकीवर फक्त आकडा. १, २, ३ असं करत ११ पर्यंत. अकराव्या पट्टीवर आकड्याशेजारी एकच शब्द: 'किंमत?' त्यानंतर पुस्तक संपेपर्यंत पट्टी नाही.

मी ते प्रकरण परत वाचलं. नायिका युद्धात अकरा वेळा हाक मारते. वाऱ्याला, आगीला, मेलेल्या सेनापतीला, शेवटी नदीला. पुढच्या प्रकरणात ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली आहे आणि लहानपणी आई जात्यावर म्हणायची त्या ओव्या एकामागून एक म्हणते आहे. आईच्या आवाजातला चढउतारसुद्धा तिला आठवतो. पहिल्या भागाच्या शेवटी कायमचा गेला म्हणून आम्ही ज्याच्यासाठी डोळे पुसले होते, तोच आवाज.

अकरा हाका झाल्या होत्या आणि काहीच गेलं नव्हतं. उलट, आधी गेलेलंही परत आलं होतं.

शाप आणि उःशाप

सप्टेंबरच्या एका रविवारी हा विषय गटापुढे ठेवला. मिस्त्रीला मुद्दाम बोलावलं, तो आला आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसला.

मी म्हटलं, आपल्या कथांत वर आणि शाप हा शब्दाचा व्यवहार आहे. हिरण्यकश्यपूला दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही असा वर मिळाला, तर त्याला मारायला देवालासुद्धा संध्याकाळ आणि उंबरठा शोधावा लागला. देवानं वर मोडला नाही, त्यातली फट शोधली. कर्णाला परशुरामानं शाप दिला की ऐन वेळी अस्त्र आठवणार नाही, आणि ऐन वेळी ते आठवलं नाही. कवचकुंडलं देऊन इंद्राकडून मिळालेली शक्ती एकदाच वापरता येणारी, ती घटोत्कचावर खर्च झाली आणि त्या क्षणी कर्णाचं मरण ठरलं. ऐकणाऱ्याला हे आधी ठाऊक असतं म्हणून तर छातीत धडधडतं. शक्ती परत मिळाली असती तर ते युद्ध कुणी रात्ररात्र जागून ऐकलंच नसतं.

गटातली सर्वांत लहान मुलगी, राजाराम कॉलेजात शिकणारी, तिनं चांगली हरकत घेतली. ती म्हणाली, "पण बाई, आपल्याकडे उःशापही असतो की. लेखकाला असं म्हणायचं असेल की आईच्या मायेनं सगळं परत आलं. तसं वाक्यही आहे." खरंच होतं. मांडीवर पडल्यावर सगळं परत आलं अशा अर्थाची एक ओळ तिथे आहे. मला ती पहिल्या वाचनात दिसली नव्हती.

या हरकतीवर आम्ही दीड तास बोललो, आणि माझ्या मते याच दीड तासात प्रकरण सुटलं. मी ययातीचं उदाहरण काढलं. खांडेकर याच गावात राहून १९५९ मध्ये ज्याच्यावर कादंबरी देऊन गेले तो ययाती. शुक्राचार्यानं म्हातारपणाचा शाप दिला, मग विनवणीवरून उःशाप दिला की कुणी तरुण आपखुशीनं घेईल तर त्याला ते देता येईल. दोन गोष्टी बघा. उःशाप शापाच्या पाठोपाठच उच्चारला गेला, गरज पडल्यावर मागून कुणी जोडला नाही. आणि उःशापानं म्हातारपण नाहीसं झालं नाही, ते त्याचा मुलगा पुरू याच्या अंगावर गेलं. किंमत कुणीतरी भरलीच. मुलगी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग इथं पुरू कोण?" कुणालाच उत्तर देता येईना. आई देऊ शकली असती. मुलीच्या आठवणी परत आल्या आणि आईच्या गेल्या असं झालं असतं, तर ती कादंबरी आमच्या घराघरांत राहिली असती.

इतका वेळ मिस्त्री बोलला नव्हता. तो म्हणाला, "बाई, लोखंड आकसतंय त्ये पॅटर्न करतानाच धरायला लागतंय. ओतून झाल्यावर कमी पडलं म्हणून काय करणार? वरनं लांबी लावून चिकटवता येती का? त्यानं पहिल्या भागात शंभर टक्के धरलं होतं. दुसऱ्यात धरलं होतं. तिसऱ्यात जॉब कमी भरला आणि पट्टीच बदलली." मग जरा थांबून म्हणाला, "आणि त्या पोरीनं भावाला पत्ता विचारला न्हवता का? त्याचं काय झालं मग? त्ये खोटं होतं का?"

अपेक्षाभंग हा शब्द मी आयुष्यभर शिकवला, पण तो नेमका काय असतो हे मला त्या प्रश्नानं कळलं. तिसरा भाग नुसता वाईट निघाला असता तर पहिले दोन शाबूत राहिले असते. इथे तिसऱ्यानं मागे जाऊन त्या दोघांतलं रडू रद्द केलं होतं. दारात पत्ता विचारणारी मुलगी आता, दोन भाग थांबली की सगळं परत मिळणारच आहे अशी मुलगी झाली होती. वाचकाच्या खिशातून काढून घेतलं ते हे.

ललिता पंचमी

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी नवरात्र आलं. पंचमीला मी टेंबलाईच्या, म्हणजे त्र्यंबोली देवीच्या, टेकडीवर जाते. अंबाबाईची पालखी त्या दिवशी त्र्यंबोलीच्या भेटीला येते, कुमारिकेच्या हातून कोहळा फुटतो, आणि तो तुकडा मिळवायला गर्दी तुटून पडते. मिस्त्री तिथे होता, लेक खांद्यावर. लेकीनं विचारलं, ही देवी पाठ करून का बसलीय? तो तिला सांगत होता की कोल्हासुराला मारल्यावर अंबाबाईनं विजयाचा सोहळा केला आणि जिनं मदत केली त्या त्र्यंबोलीलाच बोलवायला विसरली. म्हणून ही रुसून टेकडीवर येऊन बसली. मग अंबाबाई स्वतः तिची समजूत काढायला आली, आणि अजून दर वर्षी येते.

मी शेजारीच उभी होते. मी त्याला विचारलं, "लेखकाकडून तुला काय हवं होतं रे? दुसरा शेवट?"

"एवढं न्हाई. एक पान. तिला कायतरी एक आठवत न्हाई असं एक पान. मग मी बाकीचं चालवून घेतलं असतं."

मला हे अतिशय मोलाचं वाटतं. वाचक इतकं थोडं मागतो. विसरणं देवीलाही चुकलं नाही, पण तिनं त्या विसरण्याची भरपाई स्वतः चालत येऊन केली. आणि या गावाचं नावसुद्धा, आख्यायिकेप्रमाणे, मरताना कोल्हासुरानं मागितलेल्या वरातून आलेलं आहे. शत्रूला दिलेला शब्द आम्ही रोज एसटीच्या पाटीवर वाचतो. इथे वाढलेल्या माणसाला घाटावरच्या त्या म्हातारीचा शब्द वाऱ्यावर गेलेला कसा खपावा?

पुढे काय झालं

त्यानं प्रकाशकाच्या पत्त्यावर लेखकाला पत्र लिहिलं. मी वाचलं होतं, दीड पानाचं, पहिलं पानभर पहिल्या दोन भागांबद्दल आभार होते. उत्तर आलं नाही. लेखकांना अशी पत्रं पोचतातच असं नाही, त्यामुळे त्यावर मी काही म्हणत नाही.

दिवाळीत मी त्याला टोलकीनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा मराठी अनुवाद दिला. मूळ पुस्तक १९५४-५५ मध्ये तीन भागांत आलं. हे द्यायचं कारण जादूची भव्यता नव्हतं. त्यात एक घातक अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडो या नायकाला वाटेत एका टेकडीवर खांद्यात शापित सुऱ्याचा वार बसतो. पुढे अंगठी नष्ट होते, युद्ध जिंकलं जातं, सगळे घरी येतात. पण दर वर्षी ६ ऑक्टोबरला, वार बसला त्या तारखेला, त्याला त्रास होतो. ज्या गावासाठी हे सगळं केलं त्या गावात त्याला राहवत नाही आणि शेवटी तो जहाजात बसून निघून जातो. लेखकानं खांदा बरा केला नाही.

मिस्त्रीनं ते घ्यायला आधी काचकूच केली. मग तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला एका रात्री पावणेबाराला त्याचा फोन आला, इतक्या उशिरा तो कधी करत नाही. म्हणाला, "बाई, त्यो परत आल्यावर तारीख लिवलीय बगा." एवढंच. मागे त्याची बायको झोपा आता म्हणून ओरडत होती.

डिसेंबरपासून तो गटात यायला लागला. काकांनी त्याला एक चरित्र वाचायला दिलं, त्याच्यातही पट्ट्या घालून परत केलं. तिसरा भाग मात्र त्यानं माझ्याकडून नेला नाही, मी दोनदा विचारूनही.

जानेवारीत त्याच्या लेकीच्या वाढदिवसाला आम्ही त्याच्या घरी गेलो. भिंतीवर त्यानंच केलेलं सागवानी कपाट आहे, त्यात पहिले दोन भाग उभे होते आणि त्यांच्या शेजारी, तिसऱ्याच्या जागी, सागवानाचा एक घोटून गुळगुळीत केलेला ठोकळा. कडा गोल, कण्याला हलका बाक, पुस्तकासारखाच. मी तो काढून हातात घेतला. शेजारच्या दुसऱ्या भागाला लावून बघितला तर ठोकळा दोन मिलिमीटर उंच होता. मला वाटलं मापात चुकला.

"श्रिंकेज धरलंय," मिस्त्री म्हणाला, आणि ठोकळा माझ्या हातातून घेऊन परत जागेवर ठेवला.